फिरणं चुकवू नका, ऊन मात्र चुकवा

आमच्या घरात घड्याळं दोन. एक स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं आणि दुसरं म्हणजे आमचे मामंजी. सकाळी साडेसातला पूजा आटोपायची, पाऊणएक वर्तमानपत्र वाचून घडी घालून ठेवायचं आणि आठच्या ठोक्याला पायांत चपला सरकवून फिरायला बाहेर पडायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा क्रम. पाऊस असो, थंडी असो, घरात पाहुणे असोत, त्यात बदल नाही. टिळकवाडीतल्या घरातून निघून काँग्रेस विहिरीकडून एक मोठा फेरा, वाटेत मित्रमंडळींचा कट्टा आणि साडेनऊला परत. "ह्यांना येताना बघून गल्लीतल्या बायका कुकर लावतात," असं सासूबाई थट्टेनं म्हणतात.

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. त्या दिवशी पावणेदहा झाले तरी मामंजींचा पत्ता नव्हता. मी कॉलेजला निघण्याच्या घाईत दाराशी आले, तर कोपऱ्यावरचा शहाळीवाला मुलगा त्यांना हाताला धरून फाटकातून आत आणत होता. चेहरा पांढराफटक, शर्ट घामानं चिंब, ओठ कोरडे. "रस्त्याकडेला बसलेले, उठायला येईना त्यांना," तो म्हणाला. आम्ही त्यांना पंख्याखाली आडवं केलं, पायांखाली उशी दिली, मानेवर ओला पंचा ठेवला. पूर्ण शुद्धीवर होते, म्हणून साखर-मीठ घातलेलं लिंबाचं पाणी घोट घोट पाजलं. अर्ध्या तासानं चेहऱ्यावर जरा रंग आला.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब नेहमीपेक्षा बराच खाली होता. मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. सकाळी ती गोळी, त्यावर एक कप चहा, पाण्याचा घोट नाही आणि मग दीड तास उन्हात चाल. "अंगातलं पाणी दोन्ही बाजूंनी गेलं," डॉक्टर म्हणाले. मामंजींना मात्र हे पटलं नाही. मूळचे ते विजापूरकडचे. घरी आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "ना बिजापुरदांव. ननगेन बिसिलिंद हेळ्तीयव्वा?" विजापूरच्या माणसाला तू उन्हाचं काय सांगतेस बाई!

सवय येते, तशी जातेही

वाचकहो, हा प्रश्न नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी भूगोलाची प्राध्यापिका. विजापूरचं ऊन काय असतं ते मी पुस्तकातही वाचलंय आणि सासरच्या गावी जाऊन सोसलंयही. उन्हाची सवय ही खरोखरीची गोष्ट आहे. रोज थोडं थोडं उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात एक ते दोन आठवड्यांत बदल होतात. घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं आणि हृदयावरचा ताण हलका होतो. पण ही शिल्लक कायमची नसते. ऊन सुटलं की काही आठवड्यांतच ही सवय निघून जाते. मामंजींना बेळगावात येऊन पस्तीस वर्षं झाली. त्यांच्याकडे विजापूरचा अभिमान उरला होता, विजापूरची सवय नव्हती.

त्यात वयाची भर. साठीनंतर तहान लागल्याचं उशिरा कळतं, घाम कमी येतो, आणि रक्त कातडीकडे नेऊन उष्णता बाहेर टाकण्याचं हृदयाचं कामही मंदावतं. तरुणपणी ज्या उन्हात गडी शेतात राबला, त्याच उन्हात म्हातारपणी त्याला घेरी येते.

आपण बेळगावकर आणखी एका भ्रमात असतो. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथे कुठला उष्माघात? खरं तर एप्रिलमध्ये आपल्याकडेही पारा सहज पस्तिशी ओलांडतो. आणि १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारच्या उघड्यावरच्या कार्यक्रमानंतर १४ माणसं दगावली, तेव्हा तिथला पारा ३८ अंशांच्या आसपास होता, चाळिशीला टेकलाही नव्हता. थर्मामीटरचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. आपण चालतो ते उन्हात.

बंदी घालून बघितली

त्या प्रसंगानंतर मी पहिली चूक केली. मामंजींचं फिरणं बंद करून टाकलं. पावसाळा लागेपर्यंत घरीच बसायचं, असा हुकूम सोडला. नवऱ्यानंही मान डोलावली.

पंधरा दिवसांत घराची कळा बदलली. मामंजी सकाळपासून टीव्हीसमोर. गुडघे धरले, रात्रीची झोप गेली, साखर नुकतीच काठावर होती ती वर सरकली. सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं कमी झालं. कट्ट्यावरचे त्यांचे पाच-सहा मित्र निम्मे मराठी, निम्मे कन्नड बोलणारे. एकानं कन्नडमध्ये सुरू केलेलं वाक्य दुसरा मराठीत पुरं करतो, अशी ती मैफल. ती सुटली होती. एक दिवस सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, उन्हानं नाही, पण ह्या बसण्यानं हे खचतील."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. ती सलग असावीत असं बंधन नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. हे वाचलं आणि माझ्या ध्यानात आलं की प्रश्न फिरायचं की नाही हा नाहीच. आठ वाजताचा तो दीड तासाचा फेरा आपण दगडावरची रेघ समजून बसलो होतो, तेवढी पुसायला हवी होती.

नणंद गुलबर्ग्याला, बहीण मडगावला

याच सुमारास गुलबर्ग्याच्या, म्हणजे आताच्या कलबुर्गीच्या, माझ्या नणंदेचा फोन आला. तिकडे एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस अंशांची भाषा. मी तिला विचारलं, तुम्ही फिरायला कधी जाता? ती हसली. "वैनी, इथं सरकारसुद्धा वेळ बदलतंय, मग आम्ही का नाही बदलायचं?"

खरंच आहे. कलबुर्गी विभागात आणि विजापूर, बागलकोट जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत सरकारी कचेऱ्या सकाळी आठला उघडतात आणि दुपारी दीडला बंद होतात. वर्षानुवर्षं हा शिरस्ता आहे. उन्हाशी झुंजायचं नसतं, त्याच्या वेळा सोडून आपली कामं करायची असतात, हे त्या भागातल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. नणंद आणि तिचे यजमान पहाटे पाचला बाहेर पडतात आणि सूर्य वर यायच्या आत घरात. दुपारी दारं-खिडक्या बंद. जाड भिंतींच्या आणि मातीच्या माळवदाच्या जुन्या घरात दुपार सुसह्य होते. रात्री जेवणानंतर अंगणात वीस मिनिटं शतपावली.

मडगावची माझी थोरली बहीण वेगळंच सांगते. तिथे पारा तेहतीस-चौतीसवर असतो, पण हवा दमट. घाम येतो आणि अंगावरच राहतो. घामानं अंग थंड होतं ते तो सुकताना. सुकलाच नाही तर नुसतं पाणी आणि मीठ जातं, उष्णता आतच राहते. म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागासाठी ४० अंश आणि किनाऱ्यासाठी ३७ अंश असा वेगवेगळा उंबरठा धरतं. ताई म्हणते, "आम्ही आकडा बघत नाही, पंखा बंद केल्यावर किती चिकचिक होते ते बघतो." ती सकाळी वारा असेल तेव्हाच, तेही निम्म्या वेगानं चालते.

गुलबर्गा कोरडं, मडगाव दमट, आणि आपलं बेळगाव मध्ये कुठेतरी. दुपार कोरडी तापते, संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि मधूनच वळीव येऊन गाठतो. कन्नडमध्ये 'बिसिलिन झळ' म्हणतात, आपण 'उन्हाची झळ' म्हणतो. झळ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. तेव्हा शहाणपणही दोन्हीकडचं घ्यावं, असं आम्ही ठरवलं.

पहाटेची वेळ कुणाच्या हातात?

दिवसातलं सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आगेमागे असतं आणि सर्वांत जास्त दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. सूर्य मावळला तरी डांबरी आणि सिमेंटचे रस्ते, भिंती तासन् तास उष्णता सोडत राहतात. म्हणून संध्याकाळपेक्षा पहाट बरी. एप्रिलच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा पुढे उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. म्हणजे पावणेसहा ते पावणेसात ही सोन्यासारखी वेळ.

हे कागदावर मांडलं आणि माझ्याच लक्षात आलं की ही वेळ घरातल्या पुरुषांना मोकळी असते. मी स्वतः गेली कित्येक वर्षं फिरायला जात होते ते संध्याकाळी पाचला, कॉलेजातून आल्यावर, तापलेल्या रस्त्यावरून. का? तर सकाळी पावणेसहा ते साडेसात म्हणजे डबे, नळाचं पाणी, मुलाची शाळा. माझी शेजारीण सगळं आवरून दहा वाजता चालायला जाते. तिला 'उन्हात जाऊ नको' म्हणणं सोपं आहे. पण पहाटेचा एक तास तिला मोकळा कोण करून देणार?

फिरण्याची वेळ बदलायची म्हणजे घराचं वेळापत्रक बदलावं लागतं. आमच्याकडे आम्ही बसून ते बदललं. भाजी रात्रीच चिरून ठेवायची. दूध तापवायचं काम मुलाकडे. नळाला पाणी यायच्या दिवशी नवऱ्यानं उठून भरायचं आणि पोळ्या मी फिरून आल्यावर. मामंजींनी सगळ्यात मोठी सवलत दिली. पूजा फिरून आल्यावर करायची, हे त्यांनी मान्य केलं. "देवर कायतान," एवढंच म्हणाले. देव थांबेल. चाळीस वर्षांचा क्रम त्यांनी एका वाक्यात सोडला, तेव्हा मला माझ्या हुकुमाची लाज वाटली. त्यांना आधीच नीट समजावून विचारलं असतं तर ते पंधरा दिवस वाया गेले नसते.

उरला कट्टा. एकट्या मामंजींची वेळ बदलून उपयोग नव्हता, कारण मित्र नसतील तर ते जाणार नाहीत. मग त्यांनीच एकेकाला फोन केले. दोघांनी कुरकुर केली. एकाला पहाटे दिसत नाही म्हणून भीती वाटत होती, त्याला नातू सोडायला येऊ लागला. आठवड्याभरात आठचा कट्टा पावणेसहाचा झाला.

आमचे नवे नियम

आता आम्ही काय करतो ते सांगते. यातलं तुम्हाला जमेल ते घ्या.

लांबचा एकच फेरा बंद. आता घराजवळच सावलीच्या वाटेनं लहान लहान फेऱ्या. दमलं की पाच मिनिटांत घर. पूर्वी घेरी आली तेव्हा मामंजी घरापासून सर्वांत लांबच्या टोकाला होते, हे विसरता येत नाही. कधी कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून, कधी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत. मातीची वाट सिमेंटपेक्षा बरी. एखादा रस्ता रुंद करताना झाड तुटतं तेव्हा आपण वाहनांचा विचार करतो. त्या झाडाच्या सावलीतून चालणाऱ्याचा एक तास त्याबरोबर कमी होतो, याचाही विचार व्हायला हवा.

वेग बोलता येईल इतकाच. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागली तर पाऊल आवरायचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे आठ-दहा दिवस निम्मंच चालायचं, मग हळूहळू वाढवायचं, म्हणजे अंगाला सवय होते.

निघण्यापूर्वी एक पेलाभर पाणी, बरोबर बाटली. तहान लागण्याची वाट बघायची नाही. आल्यावर मीठ घातलेलं ताक. आपलं मराठी आंबील आणि कन्नड अंबली ही सख्खी भावंडं, उन्हाळ्यात ती पुन्हा स्वयंपाकघरात आणायला हरकत नाही. फार घाम गेला असेल तर जलसंजीवनी. घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मात्र हृदय, मूत्रपिंड, रक्तदाब किंवा साखरेचा त्रास असेल तर पाणी, मीठ, साखर किती घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. गोळ्यांचंही तसंच. मनानं गोळी बंद करू नका, पण "उन्हाळ्यात यात काही बदल करायचा का?" एवढं जरूर विचारा. आम्ही विचारलं आणि मामंजींच्या गोळ्यांमध्ये बदल झाला.

कपडे सुती, सैल, फिक्या रंगाचे. डोक्यावर टोपी किंवा पदर. उन्हात जावंच लागलं तर छत्री, तिची लाज कशाला? मामंजी खिशात कांदा ठेवतात. खिशातल्या कांद्यानं अंग थंड होत नाही, हे मी सांगून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, तो भाकरीबरोबर पोटात जाऊ दे. आता तसंच होतं.

संध्याकाळी फिरायचं झालं तर सातनंतर. पण पश्चिमेला ढग दाटले, विजा चमकू लागल्या तर सरळ घरी. दिवसा ज्या झाडाची सावली शोधतो, त्याच झाडाखाली वळवात उभं राहणं धोक्याचं. आणि पहाटेपासूनच हवा तापलेली असेल त्या दिवशी घरातच, दहा-दहा मिनिटांच्या तीन खेपा. देवघर ते मागचं दार. मामंजींनी मोजून ठेवलंय, तीस पावलं होतात.

ह्या खुणा ओळखा

डोकं दुखणं, घेरी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, फार घाम आणि गळून जाणं ही पहिली सूचना. तिथेच थांबा, सावलीत बसा, पाणी प्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, शुद्ध हरपू लागली आणि अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान अशा वेळी ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. घाम येत असला तरी गाफील राहू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, ओलं फडकं लावून वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

तो शहाळीवाला मुलगा त्या दिवशी नसता तर काय झालं असतं, हा विचार अजून मनात येतो. त्याच्या हातगाडीवर छत्री नव्हती. आम्ही त्याला एक मोठी छत्री नेऊन दिली. तो दिवसभर उन्हातच असतो, त्याला वेळ बदलायची सोय नाही.

आता पावणेसहाला आमच्या फाटकाची कडी वाजते. मामंजी पुढे, मी मागे. ते बरोबर पाण्याच्या दोन बाटल्या घेतात. एक स्वतःची आणि दुसरी कट्ट्यावर जो विसरून येईल त्याची. कुणी पाण्याला नको म्हटलं तर विजापूरचा हा माणूस दटावतो, "कुडी, कुडी, बिसिल बंदद." पी रे, ऊन आलंय.

आज रात्री जेवताना एक करा. तुमच्या घरात कोण किती वाजता फिरायला जातं, आणि कोणाला वेळच मिळत नाही म्हणून भर उन्हात जावं लागतं, ते विचारा. बाकीचं घरच्यांनी मिळून ठरवता येतं.